चौकशी मोठ्याची, काळजी धाकट्याची

टीव्हीवर एखादं गाव दिसलं आणि त्या गावात आपला मुलगा असला, की आईची किंमत वाढते. हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा चांगली वाढवून घेतली आहे.

मोठा तेव्हा नुकताच फ्रान्सला गेला होता, कॉम्प्युटरच्या कामाला. तो राहायचा त्या शहरात अतिरेक्यांनी गोळीबार केला आणि इकडे बऱ्हाणपुरात कुठलंही चॅनेल लावा, तेच. मोठ्याचा फोन लगेच आला होता. "आई, मी घरीच आहे. ठीक आहे." झालं, संपलं. पण गल्लीतल्या बायका यायला लागल्या, आणि विचारपूस करायला आलेल्या माणसाला दारातून कसं परत पाठवायचं? मी दार उघडायच्या आधी टीव्हीचा आवाज वाढवायची. मग पदर सावरून बसायची आणि म्हणायची, "आला बाई फोन, पण आईचा जीव…" वाक्य तिथंच सोडायचं. पूर्ण केलं असतं तर बायका चहा पिऊन निघून गेल्या असत्या.

ती पन्नाशीतली बाई, म्हणजे तेव्हाची मी, आठवली की मला अजून हसू येतं. तिला त्या शहरातले पूल आणि स्टेशनं तोंडपाठ झाली होती. नदीपलीकडच्या जैनाबादला जायचं तर रिक्षावाल्याला धड रस्ता सांगता यायचा नाही, पण गोळीबार कुठल्या चौकात झाला आणि पोलीस कुठल्या गल्लीतून आले, ते ती सतरंजीवर बोटानं काढून दाखवायची. तिसऱ्या दिवशी पेपरवाला फोटो काढायला आला. "चाची, जरा टीव्ही की तरफ देखो. और भैया का फोटो हाथ में ले लो." बाईंनी मुलाचा लग्नातला फोटो भिंतीवरून काढला, पुसला आणि छातीशी धरला. आतून आमचे हे ओरडले, "अगं, पोरगा जिवंत आहे! फोटोला हार तेवढा घालू नकोस!"

ह्यांची सगळी नोकरी कागदाच्या कारखान्यात गेली, पेपर छापतात तो कागद बनवण्यात. अजूनही पेपर हातात आला की आधी चिमटीत धरून बघणार, मग उजेडासमोर धरणार, आणि मग वाचणार. माझा फोटो छापून आला तेव्हा बराच वेळ बघून म्हणाले, "कागद बरा आहे. वर शाई जरा जास्त झाली."

धाकट्याचं तसं कुणाला कौतुक नव्हतं. तो इथंच पावरलूमवर शिकला, जॉबर झाला, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा, आणि नायजेरियातल्या एका कापड मिलमध्ये लागला. सून आणि लहानगी नात आमच्याजवळ. गल्लीत कुणी विचारलंच तर, "दुबईकडे ना तो?" मीही म्हणायची, "हो, तिकडेच." कोण समजावत बसणार?

गेल्या वर्षीची गोष्ट. शनिवारची दुपार होती, सून तव्यावरची भाकरी तशीच टाकून फोन घेऊन बाहेर आली. धाकट्याच्याच मिलमध्ये असीरगडकडचा एक जण आहे, त्याच्या बायकोनं कळवलं होतं की तिथल्या बाजारात स्फोट झालाय. अतिरेक्यांनी भर भाजीबाजारात बॉम्ब ठेवला होता. धाकटा दर शनिवारी त्याच बाजारातून भाजी आणतो.

"फोन लागूनच नाही राहिला, आई," ती म्हणाली. दापोऱ्याची शेतकऱ्याची पोर. वादळात माहेरची केळीची बाग आडवी झाली तेव्हासुद्धा डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं तिनं. आता तिला खुर्चीवर बसायचंही सुचत नव्हतं.

टीव्ही लावला. त्याच दिवशी युरोपातल्या कुठल्याशा शहरात एका माणसानं सुरा घेऊन लोकांवर हल्ला केला होता. वाईटच झालं होतं, नाही कोण म्हणतं? पण सगळीकडे तेच आणि तेवढंच. नकाशा, नकाशावर लाल बाण, रडणारी माणसं, फुलं ठेवणारी माणसं. आमचा बाजार कुठेच नाही. हे खालून सरकणाऱ्या पट्टीवर डोळे लावून बसले. एकदाच आलं, 'नायजेरिया: बाजारात स्फोट, अनेक ठार', आणि त्याला चिकटून सोन्याचा भाव. पट्टी फिरून परत आली तेव्हा नायजेरिया गळाला होता, सोनं तेवढं राहिलं होतं.

"कागद असता तर बोट ठेवून धरून ठेवलं असतं," हे पुटपुटले.

आणि मग फोन वाजायला लागले. पहिला नणंदेचा. "वहिनी, मोठा ठीक आहे ना गं?"

"मोठा ठीक आहे, पण धाकट्याचा…"

"देव पावला बाई!" म्हणून तिनं ठेवलासुद्धा.

मग ह्यांच्या कारखान्यातले जुने दोस्त. मग मोठ्याचे मास्तर. शेजारची भाभी तर दारातच उभी. "चाची, अभी टीव्ही पे देखा! बडे भैया तो सेफ हैं ना?" ते सुऱ्याचं शहर मोठ्यापासून किती लांब? बऱ्हाणपूरपासून दिल्ली असेल, तितकं. पण टीव्हीनं युरोप म्हटलं की लोकांना आमचाच मोठा दिसायचा. मीच तसा फोटो दाखवून ठेवला होता ना! भाभीला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती परतलीसुद्धा आणि पुन्हा फोन वाजला. खुद्द मोठ्याचा.

"आई, टीव्ही बघून घाबरू नकोस, मी अगदी…"

"ठेव!" मी किंचाळले. "तू जिवंत आहेस हे मला ठाऊक आहे! लाइन मोकळी कर!"

बिचारा गडबडला. कसंबसं सांगितलं त्याला. मग तो म्हणाला, "इथेही काहीच दाखवत नाहीयेत, आई. मी शोधतो," आणि त्यानं फोन ठेवला.

थोड्या वेळानं एक लांबलचक अनोळखी नंबर आला. परदेशातून फोन करून खातं साफ करणारे चोर असतात, अनोळखी नंबर दिसला की कट करायचा, हे सुनेनंच मला शिकवलं होतं. आज्ञाधारक सासू मी. कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझं डोकं फिरलं. उचलला आणि सुरू झाले, "मेल्या, इथे माझ्या मुलाचा पत्ता नाही आणि तुला माझं खातं हवंय? नरकात…"

"आई! मी आहे, मी! कट नको करूस!"

सुनेनं माझ्या हातातून फोन ओढला आणि तिथंच जमिनीवर बसली. टॉवर बंद पडले होते, मिलच्या साहेबांच्या, टॉवरशिवाय चालणाऱ्या फोनवरून बोलत होता तो. सकाळपासून एक माग अडला होता, म्हणून बाजारात गेलाच नव्हता. सून नुसती "हां, हां" करत होती. हे पाठ करून उभे राहिले आणि चष्मा पुसत राहिले. मग धाकटा म्हणाला, "माझ्या शेजारच्या मागावरचा एक जण गेला होता भाजीला. तिथलाच मुलगा. तो परत नाही आला."

ह्यांनी मावा जिलबी आणली. मी वाटायला निघाले. "धाकटा वाचला!" म्हणत भाभीच्या घरात शिरले, तर ती म्हणे, "अरे, उसको क्या हुआ था?" काय करणार? आधी बसवून नीट घाबरवलं, मग सोडवलं. प्रत्येक घरी तेच. सुटकेचा आनंद वाटायचा तर आधी भीती वाटावी लागत होती. मी मात्र पिसासारखी हलकी झाले होते, पुन्हा पुन्हा सांगायलाही कंटाळा येत नव्हता. भाभीनं सगळं ऐकलं, जिलबी तोंडाशी नेली आणि थांबली.

"और जो नहीं लौटा, उसकी माँ है क्या, चाची?"

मी विचारलंच नव्हतं. घरी येऊन त्याच लांबलचक नंबरवर लावायला लावलं.

"आहे," धाकटा म्हणाला. "म्हातारी आहे. मिलपासून लांबच्या वस्तीत राहते."

"मग उद्या जाऊन बैस तिच्याजवळ. माझ्या वतीनं."

"आई, तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही. काय बोलू?"

"बोलायला कुणी सांगितलंय? बैस. प्यायला काही दिलं तर नाही म्हणू नकोस."

सून उठून उभी राहिली. "आई, पुन्हा बाहेर पाठवून राहिल्या त्याला?"

फोनमधून त्यानं ते ऐकलं. "अगं, एकटा नाही. मिलचा ट्रक जातोय, आम्ही सगळेच चाललोय."

तेव्हा कुठे सुनेनं ताट ओढलं. दुपारची भाकरी कडक झाली होती. दुसरी टाकते म्हटलं तर म्हणाली, "असू द्या." मी तिच्या वाटीत दूध ओतत राहिले, आणि ती भाकरी कुस्करून खात राहिली.