औक्षण झालेलं बॉनेट

"काकू, आधी हात थांबवा. गाडीला काय लावलंत ते सांगा."

"रांगोळी."

"गाडीवर रांगोळी काढलीत?"

"काढली नाही गं, घासली. चांदीची भांडी रांगोळीनं कशी लख्ख होतात! मी सोचलं, गाडीपण होईल."

मी फोन कानाला लावूनच सामान डिक्कीत टाकायला लागले. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. चांदीला ती चालते, कारण चांदीवर ओरखडे आले तरी आपण त्याला चकाकी म्हणतो. काळ्या गाडीवर तसं म्हणता येत नाही.

माधव नगरात माझं कार डिटेलिंगचं दुकान आहे. डिटेलिंग म्हणजे गाडी धुणं नव्हे, हे मला रोज कुणाला तरी समजवावं लागतं. रंगावरचे बारीक ओरखडे काढायचे, गेलेली चमक परत आणायची, हे माझं काम. नवीन गिऱ्हाईक दुकानात शिरलं की माझ्याकडे बघून विचारतं, "मिस्त्री कहाँ है?" मी पॉलिशिंग मशीन सुरू करते. बहुतेकांना तेवढं उत्तर पुरतं.

नलूकाकू माझ्या आईच्या भिशीतल्या. नानाखेड्याला राहतात. भाऊकाका बँकेतून रिटायर झालेले. एकुलती एक लेक रेवा, ती भोपाळला दिलेली. लग्नात मानपानावरून काहीतरी बिनसलं आणि जावई, मंदारराव, तेव्हापासून सासुरवाडीची पायरी चढले नव्हते. रेवा एकटीच यायची, एकटीच जायची. काकूंनी मध्यस्थ घातले, सणावाराला फोन केले, काही उपयोग झाला नाही. शेवटी काल संध्याकाळी स्वारी आली. नवी काळी गाडी घेऊन आली. आज सकाळी गाडी पोर्चमध्ये ठेवून दोघं रिक्षाने महाकालच्या दर्शनाला गेली. आणि तेवढ्यात काकूंनी हा पराक्रम केला.

मी पोचले तेव्हा काका गाडीपुढे हात मागे बांधून उभे होते.

"मामला गडबड आहे," ते म्हणाले.

मामला असा होता. लेकीची नवी गाडी पहिल्यांदा दारात आली म्हणून काकूंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि गाडीचं औक्षण करायला घेतलं. पोर्च अरुंद. काकू भिंत आणि गाडी यांच्यामध्ये अडकलेल्या. ओवाळताना पितळी ताम्हणाची कड बॉनेटला लागली आणि छान अर्धगोल ओरखडा उमटला. तो पुसायला रांगोळी. रांगोळीनं भोवताली धुरकट डाग पडला, म्हणून आणखी रांगोळी. मग काकांनी टूथपेस्ट आणली. आता निम्मं बॉनेट पाटी पुसल्यासारखं पांढुरकं दिसत होतं.

"अगं, काही कर," काकू माझा हात धरून म्हणाल्या. "किती मिन्नतवारीनं आलेत ते. हे पाहिलं तर परत कधी यायचे नाहीत. आणि रेवाला काय काय ऐकावं लागेल!" त्यांचे डोळे भरून आले होते. मला रागवायचं होतं, पण रागावता येईना.

गाडीचा रंग एकच थर नसतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. बहुतेक ओरखडे या वरच्या थरातच असतात. ओळखायची पद्धत सोपी. ओरखड्यावरून हलकेच आडवं नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर पॉलिशने काम होतं. अडकलं तर ओरखडा खोल गेलाय, रंग भरावा लागतो.

मी भरपूर पाणी ओतून रांगोळीची पूड वाहून जाऊ दिली. मग नख फिरवलं. रांगोळीचं सगळं वरवरचं होतं. ताम्हणाच्या जागी नख अडकलं.

"रंग भरावा लागेल. त्यासाठी गाडीचा पेंट कोड हवा. तो दाराच्या आत स्टिकरवर असतो. चावी द्या."

"चावी मंदाररावांच्या खिशात," काका म्हणाले. "ते चावी कुणाला देत नाहीत. फार जपतात गाडीला. काल चहा प्यायच्या आधी खिशातून फडकं काढून अख्खी गाडी पुसली."

"कोरड्या फडक्यानं?"

"एकदम कोरड्या. रोज पुसतात म्हणे."

मी बाजूच्या दारावर टॉर्च मारला. मग बॉनेटकडे वळले.

बॉनेटवर थोडं कंपाउंड लावलं. कंपाउंड म्हणजे वरचा थर अगदी नावाला घासून सपाट करणारी पेस्ट. मशीन सावकाश फिरवायचं, एका जागी थांबायचं नाही, नाहीतर रंग तापून करपतो. काका दर थोड्या वेळानं "आणखी जरा जोर लाव ना" म्हणत होते. मी त्यांना फाटकाशी पहाऱ्याला पाठवलं.

धुरकटपणा गेला. बॉनेट इतकं झळकायला लागलं की त्यात काकूंचा चेहरा स्पष्ट दिसला. अर्धगोल मात्र तिथेच होता, बारीक, पण होता.

"रिक्षा आली!" काका फाटकातून ओरडले.

मंदारराव आत आले ते थेट गाडीशी. बॉनेट बघितलं, मग दार बघितलं, परत बॉनेट. चेहरा उतरला.

"बाकीच्या गाडीला काय केलंत?"

ते दारावर हात फिरवत होते. "हे बघा, सगळे गोल गोल ओरखडे! बॉनेट ठीक आहे, पण हे सगळं खराब करून टाकलंत!"

आता बोलायची पाळी माझी होती. "हे ओरखडे जुने आहेत. कोरड्या फडक्यानं पुसलं की धूळ रंगावर घासली जाते. बॉनेट मी आत्ता पॉलिश केलं, म्हणून बाकीचं तुम्हाला आज दिसतंय."

"म्हणजे हे मी केलं?"

"रोज थोडं थोडं."

रेवा तोंड फिरवून हसायला लागली. मंदाररावांनी खिशातलं फडकं आणखी आत ढकललं. प्रकरण इथेच मिटलं असतं. काकांनी मला डोळ्यांनी तशी खूणही केली. पण काकू पुढे झाल्या.

"हा अर्धगोल मात्र माझा. गाडीला ओवाळताना ताम्हण लागलं. चूक झाली."

मंदारराव त्या ओरखड्यावर वाकले. मला वाटलं, झालं, निघाले हे.

"गाडीला ओवाळलंत?" ते म्हणाले.

"हो. पहिल्यांदा दारात आली ना."

"मीपण काल पहिल्यांदाच आलो, आई. लग्नानंतर. मला पाण्याचा ग्लास दिलात फक्त."

काकूंनी कपाळावर हात मारला. त्या घाईत, धाकधुकीत खरंच विसरल्या होत्या. ताबडतोब आत गेल्या. पोर्चमध्येच पाट मांडला, मंदारराव टोपी घालून बसले आणि काकूंनी त्यांना ओवाळलं. गाडीपासून चांगलं लांब, हे मी बघितलं. मंदाररावांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. लहान मुलासारखे खूश दिसत होते.

मग त्यांनी स्वतःहून चावी दिली. मी कोड घेऊन रंग जुळवून आणला, बारीक ब्रशनं ओरखड्यात भरला.

"किती वेळ वाळायला? आम्हाला संध्याकाळी निघायचंय," मंदारराव म्हणाले.

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की बस.

"निदान दोन दिवस तरी गाडी सावलीत उभी हवी," मी म्हटलं.

हे अगदीच खोटं नव्हतं. टच-अप पक्का व्हायला वेळ लागतोच. फक्त तेवढा वेळ गाडी सासुरवाडीतच उभी असावी, असं कुठल्या डबीवर लिहिलेलं नसतं.

ते चार दिवस राहिले.

तेव्हा घरी गाडीला ओरखडा पडला तर देवघरातलं आणि बाथरूममधलं काहीही लावू नका. धुवा, नख फिरवून बघा, मग ठरवा. गाडीला ओवाळायचं असेल तर खुशाल ओवाळा, पण हातभर लांबून, आणि जावयाला आधी.