रापणीला माणसं कमी पडली तेव्हा

साताऱ्याहून मी निघालो तो निव्वळ बांगडे खायला. उगाच समुद्राचं नाव कशाला पुढे करू? खारेपाटण मागे पडलं, पाऊस सरलेला, भात कापणीला आलेलं, आणि माझ्या तोंडाला आधीच पाणी सुटलं होतं. मालवणजवळच्या एका वाडीत मंदाकाकूंच्या घरी उतरलो. त्या प्रवाशांना राहण्याजेवण्याची सोय करून देतात. त्यांचे यजमान दिगंबरकाका रापणीवर जातात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं.

दुपारी ताटात भात, सोलकढी आणि बटाट्याची भाजी. माझं तोंड एवढंसं झालं.

"काकू, मासे?"

"खंयचे मासे? माणसां तापान पडली. रापण वडतलो कोण?"

संध्याकाळी वाडीत फिरलो. मासे विकणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून बसल्या होत्या. बर्फवाल्याचा बर्फ टेम्पोतच वितळत होता, रिक्षावाला पेंगत होता, खाणावळीत शुकशुकाट. कोकणच्या विकासावर मी आजवर ढीगभर वाचलंय: रस्ते, बंदरं, विमानतळ. त्यात ताप हा शब्द कुठे वाचल्याचं आठवेना.

घरी परतलो तर दिगंबरकाकाही पांघरूण घेऊन पडलेले. डोळे लाल, पोटऱ्यांत गोळे. शेतातल्या चिखलात पायाला जखम झाली होती. गावच्या आरोग्यसेविकेने लेप्टोचा (उंदरांच्या मुतामुळे पसरणारा ताप) संशय असल्याचं सांगून ओरोसच्या सरकारी दवाखान्यात जायला बजावलं होतं.

"गोळी घेतलंय, बरो होतलंय," काका म्हणाले. "सकाळी रापण आसा."

"माजो भाव पण असोच म्हणालो होतो," काकू म्हणाल्या, "आणि गेलो." मग त्या चुलीकडे तोंड करून बसल्या.

काकांचा हट्ट मला कळेना. शेजाऱ्यांनी सांगितलं, की दोर धरेल त्यालाच माशांचा वाटा, ही रापणीची रीत. बांगड्याचा थवा किनाऱ्याला लागलेला, आणि अशा दिवशी कोण घरी बसणार?

सकाळी काका कुंपण धरत धरत किनाऱ्यावर आले, मागे काकू. होडीने जाळं टाकलं, दोर किनाऱ्यावर आले. काकांनी दोर धरला आणि दोन हिसक्यांत त्यांचे गुडघे दुमडले. ते ओल्या वाळूत बसले, तरी दोर सोडेनात.

"माका मासे नको, माणूस व्हयो!" काकू ओरडल्या. सगळे दोर थांबले. मला तर पुढे बघवेना.

रापणीचे म्होरके आबा, सत्तरी ओलांडलेले, पुढे येऊन म्हणाले, "आजपासून जो दवाखान्यात गेलो, तो पण दोरार आसा म्हणान धरूचो. त्याचो वाटो घराकडे येतलो. रिक्षा हाडा."

"असा झाला तर दोर कोण वडतलो?" कोणीतरी कुरकुरलं.

उत्तर मिळायच्या आत पलीकडच्या दोरावरच्या दोघांनी हात सोडले. "आबा, ताप माका पण आसा," एक जण खाली मान घालून म्हणाला. दुसराही तापलेलाच; तो काकांना धरून रिक्षाकडे निघाला. म्हणजे माणसं तापातच दोर ओढत होती!

मी चपला काढून काकांच्या जागी उभा राहिलो. तळहात सोलवटले. माणसं कमी, जाळं हळू येत होतं, आणि निम्मे बांगडे खालून निसटले. आबांनी उरलेल्याचे वाटे घातले. दवाखान्यात गेलेल्या तिघांचे वाटे आधी घरी पोचले.

दोन दिवसांनी परतताना ओरोसला उतरलो. काका सलाईन लावून पडलेले, चेहरा ओढलेला, पण डोळ्यांतली लाली उतरली होती. अजून उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती, असं डॉक्टरांनी काकूंना सांगितलं होतं. शेजारच्या खाटांवर रापणीवरचे ते दोघे पुढच्या रापणीचे बेत करत होते.

घरी मित्रांनी विचारलं, काय, कोकण सुधारतंय का? म्हटलं, बाकीचं मला ठाऊक नाही. पण एका वाडीत आता आजारी माणसाला आजारी पडायची मुभा आहे.