राजाची उडी

माझ्या बाबांचा राजा उडी मारायचा. देशी बुद्धिबळात तशी मुभा असते: शह बसायच्या आधी, डावात एकदाच, राजाने घोड्यासारखं अडीच घरं उडायचं. दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगवर जेवणाच्या सुट्टीत बाबा उभी हयात असेच खेळले. डावाच्या सुरुवातीला राजाजवळचा घोडा-उंट ते हलवायचेच नाहीत. कायले हलवायचा? राजा तर वरूनच जाणार.

यवतमाळच्या खुल्या स्पर्धेत त्यांचं नाव मीच घातलं. मी मोबाइलवर शिकलेली, नवे नियम पाठ. बाबांना तिथं एकच डाव जिंकायचा होता, जिनिंगवरच्यांना सांगायला. जीपमध्ये पुन्हा बजावलं, "बाबा, तिथं उडी चालत नाही. आधी घोडा-उंट काढा, मग राजा-हत्तीचं कॅसलिंग करा."

"हो ना माय, समजलं. किती डोकं खातं?"

दिवसभर हरले. शेवटच्या डावात मात्र, बापरे! समोर लोहाऱ्याच्या कारखान्यातला एक तरुण. देशी पद्धतीनं एकेकच घर सरकणारी बाबांची प्यादी पाहून तो गांगरलाच. बाबांनी त्याचा हत्ती मारला. मी भिंतीशी मुठी आवळून उभी. मग त्याचा वजीर राजाच्या रोखाने आला, आणि बाबांचा हात उठला. घोडा-उंटावरून राजा टुणकन पलीकडे. काय ऐटीत ठेवला त्यांनी!

पंच धावत आले. चाल चुकीची, पण हात राजाला लागला, म्हणजे आता राजाच हलवावा लागेल. तो तरुण भला. म्हणाला, "जाऊ द्या ना सर, काकांना दुसरी चाल करू द्या." पंच ऐकेनात. राजाला एकच घर मोकळं होतं, समोरचं. तिथं मात झाली.

माझा जीव नुसता तुटला. नाव घातलंच काहून मी, असं होऊन गेलं. परतताना बाबा एवढंच बोलले, "चांगला खेळला पोरगा."

आता घरी पट मांडला की ते आधी घोडा काढतात, उंट काढतात, बरोब्बर कॅसलिंग करतात. परवा कॅसलिंगच्या आधीच त्यांचा राजा मधे अडकला. शह द्यायच्या आधी मी थांबले. म्हटलं, "बाबा, मारा ना उडी. घरीच तर आहो आपण."

त्यांनी राजाला हात लावला.

"नाही माय, ते चूक असते," म्हणाले, आणि राजा एक घर सरकवला.

डाव मी जिंकले. आग लागो त्या जिंकण्याला.