दोन टिपक्यांचा फ्यूज

बुधाजी मास्तरांची शिवी खाल्ली नाही असा वायरमन पनवेलात शोधूनही सापडायचा नाही. माणूस अंगाने किरकोळ, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. टेप सैल गुंडाळली की ओरडा, वायर सोलताना तांबं तुटलं की ओरडा, आणि काही न कळता कुणी नुसती मान डोलावली तर मग विचारायलाच नको. "मान काय हालवतंस रं? नंदीबैल हायस का?" सगळा वर्ग डोक्यावर घ्यायचे. पोरं खाली बघून हसायची, कारण दुपारी हाच माणूस आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी सगळ्यांना वाटून स्वतः चहावर भागवायचा हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मास्तर जातीने आगरी. बापाची शेती आणि मिठागर नव्या शहरात गेलं, तेव्हा पोटासाठी त्यांनी पकड आणि टेस्टर हातात घेतला, तो केस पिकेपर्यंत. पुढे एका संस्थेने जुन्या पनवेलात गरिबाघरच्या पोरांसाठी वायरमनचा वर्ग काढला. संस्थेच्या अरुंधतीबाई शिकवायला माणूस शोधत होत्या. "दोन महिने बघतो, नाय जमलं तर माझा रस्ता मोकळा," असं म्हणून मास्तर गेले आणि तिथेच रुजले.

त्यांच्या वर्गात पहिला धडा फ्यूजचा. चिनी मातीचा पांढरा, मुठीत मावणारा फ्यूज. मास्तर तो बोर्डातून उपटून पोरांसमोर धरायचे. काम करायचं तर आधी हा काढायचा. काढला की बोर्डावर ठेवायचा नाही, कुणाच्या हातात द्यायचा नाही, थेट आपल्या पँटच्या खिशात घालायचा. काम पुरं झाल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही. "साहेब मागंल, मालक मागंल, येऊन यम मागंल. नाय द्यायचा! खिशात हाय तवर तुमी जित्ते." मुख्य स्विच बंद केला तरी कुणीतरी येऊन तो चालू करतोच, पण खिशातला फ्यूज कुणाला लावता येत नाही, एवढा साधा हिशेब.

हा धडा सगळ्यांत मनावर घेतला तो शिवाने. शिवा नेऱ्याच्या पलीकडच्या, डोंगराखालच्या कातकरवाडीतला. बाप नव्हता. आई भामा लाकूडफाटा विकायची, कुणाच्या फार्महाऊसवर गवत काढायची. पोरगा इतका अबोल की पहिले काही दिवस मास्तरांना वाटलं, मुका आहे. पण हात कसा चालायचा! आणि एक सवय त्याला लागली होती. वायरला हात घालण्याआधी तो उजव्या खिशावर दोनदा थापटायचा. फ्यूज आहे ना, याची खात्री. इतर पोरं त्याची नक्कल करून खिदळायची. मास्तर त्यांच्यावर खेकसायचे आणि मनातून सुखावायचे.

शिकून तयार झाल्यावर शिवाला काम मिळवून दिलं तेही मास्तरांनीच, आणि कुठे, तर सख्ख्या भाच्याकडे. बहीण दमयंतीचा दीपेश ठेकेदार होता, करंजाड्याला इमारत बांधत होता. बांधकामावरचा तात्पुरता बोर्ड मास्तरांनी स्वतः बसवून दिला. त्याच्या तीन फ्यूजांवर बायकोचं, कृष्णाबाईचं, लाल नेलपॉलिश घेऊन टिपके काढले: पहिल्यावर एक, मधल्यावर दोन, शेवटच्यावर तीन. कुठला कुठे लावायचा ते चुकू नये म्हणून. कृष्णाबाई म्हणाली, "माझी बाटली संपवलीत, आता बोर्डालाच नटवा." मास्तर तेव्हा किती खुशीत होते!

दोन हजार बाराचं नवरात्र नुकतं उठलं होतं. सकाळी दीपेशचा फोन आला. चौथ्या मजल्यावर वायर ओढताना शिवाला शॉक लागला होता. मास्तर चप्पल न घालता पळाले. ते पोचेपर्यंत पोराला सरकारी दवाखान्यात नेलं होतं, आणि पोरगा गेला होता.

दीपेश त्यांना बोर्डापाशी घेऊन गेला. "बघ मामा, तूच बघ. तिन्ही फ्यूज जागेवर आहेत. लाइन चालू ठेवून काम करत होता. आता मी काय करू, सांग."

मास्तरांनी पाहिलं. तिन्ही फ्यूज जागेवर होते. आणि त्यांना आला तो राग. एवढं घसा फोडून शिकवलं, आणि हा विसरला? संध्याकाळी हवालदाराने विचारलं, तेव्हा त्याच रागाच्या भरात त्यांनी जबाब दिला. "मी शिकवलेलं हाय, साहेब. पोरगं धांदरट, इसरलं असंल." आणि खाली सही केली.

धांदरट! वायरीला हात लावण्याआधी खिसा चाचपणारं पोर धांदरट! मास्तरांची जीभ हे बोलताना जराही अडखळली नाही. आपल्या भावकीतलं पोर असतं, तर त्यांनी दीपेशला चार उलटे प्रश्न विचारले असते, बांधकामावरच्या मुकादमाची गचांडी धरली असती. पण पोर कातकऱ्याचं होतं. कातकऱ्याचं पोर विसरणारच, धांदरटपणा करणारच, हे कुठेतरी आत आधीपासून बसलेलं होतं. इतकी वर्षं त्यांना शिकवूनही ते तिथून हललं नव्हतं.

तेरावं झालं. त्यानंतर एका सकाळी भामा मास्तरांच्या दारात आली. खिडकीतून तिला बघितलं आणि मास्तर आतल्या खोलीत जाऊन बसले. ती रडेल, तळतळाट देईल, नाहीतर पैसे मागेल. काय तोंड दाखवायचं? त्यांनी कृष्णाबाईला हाताने खूण केली. कृष्णाबाई दारात गेली आणि म्हणाली, "घरात नायत." चार दिवसांनी भामा पुन्हा आली. पुन्हा तेच. ती थोडा वेळ पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि गेली.

"आता तिसऱ्यांदा मी खोटं बोलणार नाय," कृष्णाबाई आत येऊन म्हणाली. "सांगून ठेवते. ती बाई नेऱ्यावरून चालत येते नि तुमी बाईमाणसासारखे लपून बसता. बाईमाणूस तरी कशाला म्हणू, मी तर दारात जाते."

मास्तरांनी वर्ग घेणं चालू ठेवलं होतं, पण त्यात जीव नव्हता. ओरडणंसुद्धा बंद झालं, तेव्हा पोरं खरी घाबरली. मग एक दिवस अरुंधतीबाईंनी त्यांना थांबवलं. शिवाच्या हत्यारांची पिशवी बांधकामावरून परत आली होती. "मास्तर, शिवाच्या वाडीतून येणारी तिन्ही मुलं यायची थांबली आहेत. ठेकेदार म्हणतात, कातकऱ्यांची पोरं पाठवू नका, स्वतः मरतात आणि आम्हाला अडकवतात. तुमच्याच जबाबाचा दाखला देतात." बाईंचा आवाज चढला नव्हता. "ही पिशवी त्याच्या आईकडे तुम्हीच पोचवा."

नाही कसं म्हणणार? मास्तर टमटम पकडून नेऱ्याला उतरले आणि पिशवी खांद्याला लावून वाडीची वाट चालू लागले. वाटेत त्यांनी दोनदा मागे वळायचं ठरवलं. भामा अंगणात मोळी सोडत होती. त्यांना बघून ती उठली, घोंगडं अंथरलं आणि पाणी आणायला आत गेली. ना शिवी, ना शाप. मास्तरांना ते जास्तच जड गेलं.

"दोनदा आले व्हते, मास्तर. तुमी घरात नवता."

मास्तरांनी पिशवी खांद्यावरून उतरवून तिच्या पुढ्यात ठेवली.

"तुमची एक वस्तू हाय आमच्याकडं. दवाखान्यातून कापडांचं गाठोडं दिलं, त्याच्या पँटीत गावली. म्हनलं, मास्तरांची आसंल. पोरगा गेला, आता माघारी चोरीचं नाव नको." तिने कुडाच्या फटीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि सोडून त्यांच्या पुढ्यात धरलं.

पांढरा फ्यूज. त्यावर लाल नेलपॉलिशचे दोन टिपके.

मास्तरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्या दिवशीचा बोर्ड आता त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. डावीकडे एक टिपका, उजवीकडे तीन. मधला कोरा, पांढराफेक. तो त्यांनी पाहिला होता! दीपेश बोलत होता आणि हे बघत होते, तरी दिसलं नव्हतं. कुणीतरी दुसरीकडचा फ्यूज आणून मधे ठोकला होता. शिवाने तिथला दोन टिपक्यांचा काढला होता, खिशात घातला होता, नक्की दोनदा थापटलाही असेल. आणि तो तसाच खिशात घेऊन पोर गेलं. मग त्याची आई तो परत करायला त्यांच्या दाराशी दोनदा आली, आणि हे आत भिंतीला टेकून श्वास रोखून बसले होते.

"भामा," ते म्हणाले. पांढऱ्या केसांचा तो तोंडाळ म्हातारा तिच्या अंगणात ढसाढसा रडला. वाडीतली माणसं गोळा झाली. भामाला काहीच कळेना, तीच उलट त्यांची समजूत घालायला लागली.

रडणं ओसरल्यावर त्यांनी तिला सगळं सांगितलं. फ्यूज म्हणजे काय, दोन टिपके कुणाचे, आणि जबाबात आपण काय बोललो तेही. भामा ऐकत राहिली. शेवटी तिने एकच विचारलं, "म्हंजे माजा पोरगा चुकला नाय?"

"नाय. मी चुकलो."

"मंग हे तिथं सांगा," ती म्हणाली.

"उद्या सकाळी चौकीत ये," मास्तर म्हणाले.

पण ती गोष्ट त्यांच्या आधीच घरी पोचली होती. वाडीतल्या कुणीतरी बांधकामावर सांगितलं असणार. संध्याकाळी दमयंती ओटीवर बसलेली होती, डोळे सुजलेले. "दादा, दीपेशने नाय लावला रं तो. पाण्याची मोटर बंद पडली म्हणून मुकादमाने लावला. दीपेशला मागाहून कळलं."

"मागाहून म्हंजे कवा? माज्या जबाबाच्या आदी का नंतर?"

दमयंती पदराशी चाळा करत राहिली. मास्तरांना उत्तर मिळालं.

"म्हंजे माजा भाचा मला बोर्डापुढं उबा करून खोटं बोलला," ते म्हणाले. "आन मी म्हातारा गाढव, सही करून आलो."

"त्याला आत टाकतील, दादा. त्याची पोरं लहान हायत. त्या पोराच्या आईला काय द्यायचं ते आमी देऊ, तू मागशील तेवढं देऊ. आपल्या घरातली गोष्ट घरात ठेव. दिवाळी तोंडावर आली. भाऊबीजेला मी कुनाच्या दारात जाऊ?"

ही बहीण त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेली. तिचं लग्न लावून दिलं तेव्हा धवलारीण लग्नाची गाणी गात होती आणि हे मांडवामागे जाऊन रडले होते. तिचा हा प्रश्न त्यांना आरपार गेला. कृष्णाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"दार उघडंच आसंल, दमू," मास्तर म्हणाले. "तुला यावंसं वाटलं तर ये."

दमयंती उठून गेली. चहा तसाच राहिला.

सकाळी मास्तर पोलीस चौकीत गेले, तेव्हा भामा पायरीवर येऊन बसलेली होती. ती किती वेळची आली होती ते तिने सांगितलं नाही. आत तोच हवालदार होता. मास्तरांनी सांगायला सुरुवात केली, टिपक्यांपासून मोटरपर्यंत. हवालदार ऐकता ऐकता सावरून बसला.

"काका, समजून बोला. जबाब फिरवताय तुम्ही. आणि ठेकेदार तुमचा भाचा ना?"

"सख्खा. लिवा तेबी. आन आदी लिवा की मी पयल्यांदा खोटं बोललो. बोर्ड बघूनसुद्धा बघितला नाय."

हवालदाराने कागद पुढे ओढला. मग भामाकडे हात केला. "आणा बाई, तो फ्यूज ठेवा इथे टेबलावर."

भामाने फडकं सोडलं. फ्यूज मुठीत घेतला, पण मूठ काही पुढे गेली नाही. हवालदाराने पुन्हा सांगितलं. तिने मान हलवली.

"आदी लिवून घ्या, साहेब. मास्तरांनी पोराला शिकवलं व्हतं, काम पुरं झाल्याबिगर कुनाला द्यायचा नाय. घरी येऊन रोज सांगायचा मला."

हवालदाराने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डोळे पुसले, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि म्हणाले, "लिवा, साहेब. ती नाय देनार."