चरबीचीच गाठ

बाबांच्या डाव्या कानाखाली लिंबाएवढी गाठ आली आणि येणारा-जाणारा एकच विचारू लागला, "खर्रा खात होते का?" खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये जन्म गेला, पण तंबाखू-सुपारीचा खर्रा तर सोडाच, बाबांनी सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. आमच्या नागपुरात मात्र जबड्यापाशी काही सुजलं, की लोक मनातल्या मनात तेरवीची पंगत बसवतात.

सुई टाकून तपासणी झाली, स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "चरबीची गाठ आहे. लाळेच्या ग्रंथीत क्वचित होते, पण कॅन्सर नाही. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, उगाच कापायची घाई नको." माझा जीव भांड्यात पडला. बाबांना मात्र ते पटलं नाही.

कारण मला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी मोठेबाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, खर्ऱ्यानेच तोंडाचा कॅन्सर झाला होता. ते खचू नयेत म्हणून बाबांनी एक वाक्य ठरवलं. मोठेबाबांचा माझ्यावर जीव, म्हणून ते सांगायचं काम माझ्याकडे आलं: चरबीची गाठ आहे, काही नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत मी ते न अडखळता सांगितलं.

आता तेच वाक्य खरं होतं, आणि सांगणारी मीच होते.

मी बाबांपुढे रिपोर्ट ठेवला. "रिपोर्ट तर तुझ्या मोठेबाबालेही दाखवला होता आपण," ते म्हणाले. डॉक्टरांना फोन लावून दिला. "तूच सांगून ठेवलं असशील त्याले." मी शपथा घेतल्या, चिडले, भांडी आदळली. कशाचा काही उपयोग नाही. बाबांचं जेवण सुटलं, वजन उतरलं, आणि सैल झालेली पँट ते मलाच पुरावा म्हणून दाखवू लागले. इतकी लाचार मी कधीच झाले नव्हते.

एका दुपारी त्यांच्या आवडीची पाटोडी केली. ताट तसंच परत सरकवलं त्यांनी. मला रडू फुटलं. "बाबा, खरंच काही नाही जी तुम्हाले!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताट पुन्हा ओढलं आणि चार घास खाल्ले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जेवून राहिलो ना मी, रडू नको वं. तुझ्या मोठेबाबालेही सारं माहीत होतं. तुले वाईट वाटू नये म्हणून तो चूप राहिला."