सौरभचा वाटा

"ताई, सौरभ कड्यावरनं पडला... गेला," हे फोनवर मला सांगणारा त्याचा सख्खा चुलता, बापू. दीड महिना झाला, पण तो आवाज आठवला की अजून किळस येते. बापू खोटं बोलत होता.

सौरभ माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा मुलगा. अकरावीसाठी साताऱ्याकडच्या गावातून घणसोलीला माझ्याकडे आला आणि महिन्याभरात माझा सासराच झाला. मी स्कूटरची चावी उचलली की आतून ओरडायचा, "मावशे, हेल्मेट!"

"अरे, नाक्यावर कोथिंबीर आणायला चाललेय."

"मग कोथिंबिरीसाठी डोकं फोडून घेणारेस का?"

ते हेल्मेटही त्यानेच मला घ्यायला लावलेलं. स्वतः मात्र स्कूटरला हात लावायचा नाही. अठरा पूर्ण झाल्यावर, लायसन्स काढून, मगच. सतरा वर्षांचं पोर आणि असलं शहाणपण... मला हसूच यायचं.

दिवाळीत तो गावी गेला. तिथल्या बाप्यांचा नियम निराळा. मिसरूड फुटलं की पोरगं शिकारीला लायक! भेकर मारायला कायद्याने बंदी, बंदुका चोरीछुपे ठेवलेल्या, त्यातले दोघं सकाळपासून प्यायलेले. पण रीत तेवढी पाळायची. भेकर पडलं की नव्या पोराने धावत जाऊन त्याचे पाय धरायचे, म्हणजे तो मर्द. सौरभ नको म्हणाला, तर बापूने सगळ्यांदेखत हिणवलं, "मुंबईला जाऊन बायल्या झालास व्हय रं?" मग तो गेला. भेकर पडलं, सौरभ झुडपात धावला, झुडूप हललं, बापूला तिथे दुसरं भेकर दिसलं आणि त्याने गोळी झाडली. हाक्याला, म्हणजे आरडाओरडा करून जनावरं उठवायला, सौरभच्या धाकट्या भावाला, ओमकारलाही नेलं होतं. तेरा वर्षांचा तो. त्यानेच मला हे सांगितलं.

मी पोचेपर्यंत घाईघाईने अग्नी देऊन झाला होता. संध्याकाळी बापू दारात आला, हातात स्टीलचा डबा. "हाक्यात हुता न्हवं पोरगा. त्याचा वाटा. रीत हाय आपली."

शी! पोराला मारून त्याच्या आईच्या दारात मटण आणणारी ही माणसं, आणि यांना नातलग म्हणायचं! डबा मी अंगणात भिरकावला आणि सकाळी ओमकारला घेऊन पोलिसांत गेले. ताई म्हणाली, "घरचा माणूस तुरुंगात धाडतीस? एक गेला, आता दुसराबी घालव." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. रडले, पण तक्रार मागे घेतली नाही. पुढे भेकराचे पाय धरायची पाळी ओमकारची होती.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "ओम्याला तुझ्याकडं ठिवून घे. हितं नगं."

काल तो आला. शाळेची चौकशी करायला निघताना मी सवयीने तशीच चावी उचलली. त्याने दारामागच्या खिळ्यावरून हेल्मेट काढलं आणि माझ्यापुढे धरलं.