सईचा सोमवार

परवा दुपारी मी मागीलदारी कपडे वाळत घालत होते आणि आत सईला खोकला लागला. साधा नाही... तो आवाज मी ओळखते. हातातली चादर तिथेच टाकून आत धावले.

सई माझी मुलगी, पाच वर्षांची. तिला काजूची अ‍ॅलर्जी आहे, आणि आम्ही राहतो मालवणात! इथे पाहुणा निघाला की त्याच्या हातात काजूचं पाकीट ठेवतात. गेल्या वर्षी काजू कतलीच्या एका तुकड्याने तिचा चेहरा असा सुजला की डॉक्टरांनी बजावलं, घरात काजूचा कणसुद्धा नको.

तेव्हापासून मी घर पिंजून काढलंय. पडवीतली काजूची पोती चुलत दिरांच्या शेतातल्या खोपटात, मांगरात गेली, मिक्सरचं भांडं बदललं, जुने मसाले फेकले. दुकानात बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचत उभी राहते, तर दुकानदार हसतो. हसू दे... त्याची पोर नाही ती.

आणि परवा शेजारून ओल्या काजूची उसळ आली. मोसमातली पहिली उसळ, सासूबाईंना नको म्हणवेना. वर पोर मागतेय म्हणून तिच्या पानात वाढली...

"काजूगर एक-एक येचून काढलंय गो! नुसतो रस्सो घातलंय भातार," त्या मला सांगत होत्या. सईचे ओठ तोवर फुगले होते.

नवरा कुडाळला कामावर. मी स्कूटर काढली, मागे सासूबाई आणि आमच्या दोघींच्या मध्ये सई. जेटीच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्याच गाड्या... मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही.

मागून खोकला ऐकू येत होता तोवर धीर होता. मग तो थांबला. मागे वळून बघायची हिंमतच झाली नाही... जन्मात इतकी कधी घाबरले नव्हते.

हॉस्पिटलमध्ये लगेच इंजेक्शन दिलं आणि हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला. "आई, रडतेस कशाला?" असं ती म्हणाली, तेव्हा कुठे मी तिच्या खाटेच्या कडेला टेकले.

बाहेर बाकावर सासूबाई स्वतःशीच पुटपुटत होत्या, "गर नाय होतो गो एक पण..." मला इतका राग आला होता की ओरडणारच होते. पण सईच्या इवल्या चपला त्यांनी पदरात धरून ठेवल्या होत्या.

मी इतकंच म्हटलं, "आई, सोमवारी बांगड्याची तुकडी काढून तुमका नुसतो रस्सो वाढलो, तर चलात?"

"छी! सोमवार मोडात मगे!" त्या पटकन म्हणाल्या. आणि वळून आत सईकडे बघायला लागल्या.

सोमवारी त्यांना मासळी वर्ज्य. माशाला लागलेला चमचासुद्धा चालत नाही. वर्षभर मी 'अ‍ॅलर्जी, अ‍ॅलर्जी' करत होते, ते त्यांना त्या बाकावर पटलं.

घरी आल्यावर त्यांनी आपली सोमवारची शिवराक भांडी काढली, मासळीचा वास न लागलेली. ती पुन्हा घासली आणि सईसाठी वेगळ्या फळीवर ठेवली. "माका दुसरी येतीत," म्हणाल्या.

काल शेजारच्या काकी वाटी घेऊन पुन्हा आल्या. सासूबाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेरच अडवलं. "भितर हाडू नको गो. आमच्या सईचो काजूचो सोमवार आसा."

"कधीपर्यंत?" काकींनी विचारलं.

"जन्मभर."

काकी तशाच मागे फिरल्या. वाटी घरी ठेवून, हात धुऊन परत आल्या आणि मगच सईजवळ बसल्या.

माझी भीती काही गेलेली नाही. सई नुसती खाकरली तरी हातातलं टाकून धावते... पण आता या घरात घाबरायला आम्ही दोघी आहोत.